शाळेतला जिवलग मित्र आता स्त्री म्हणून जगतोय आणि वीस वर्षांनी भेटायला येतोय. काय बोलू, काय टाळू?

सुरुवात तुमच्या प्रश्नापासूनच करा. 'येतोय' नाही, 'येतेय'. मराठीत यातून सुटका नाही, पहिल्याच वाक्याला 'कधी आलास' की 'कधी आलीस' हे ठरवावं लागतं. सवयीने चुकलं तर दुरुस्त करून पुढे बोला. माफी मागत बसलात तर तिलाच तुमची समजूत काढावी लागेल.

आमची कोल्हापुरातली मुलांची शाळा. आमच्या वर्गातली एक जण अशीच बऱ्याच वर्षांनी गेट-टुगेदरला आली. ती खुर्चीवर टेकते न टेकते तोच एका महाभागाने विचारलं, "ऑपरेशन झालं काय?" ती म्हणाली, "तुझं मूळव्याधीचं झालं काय, ते सांग आधी." सगळे हसले म्हणून निभावलं, पण प्रत्येकीला असं उत्तर सुचेलच असं नाही. तुम्ही हे विचारू नका. 2014 च्या नाल्सा निकालात, म्हणजे ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलंय, की लिंगओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरता येणार नाही. न्यायालयाला जे लागत नाही ते आपल्याला कशाला हवं?

मग बोलायचं काय? शाळेचंच बोला की! त्या आठवणी तिच्याही आहेत, फक्त सांगताना नाव आत्ताचं घ्या. एखादा किस्सा तिच्या बाजूने वेगळाच निघेल, ही तयारी ठेवा. स्नेहसंमेलनात बाईची भूमिका दरवर्षी आमच्या या मैत्रिणीकडे जायची आणि आम्ही खिदळायचो. ती म्हणाली, वर्षभरात तेवढेच दिवस बरे जायचे. पीटीच्या तासाचं मात्र तिला नावही नको होतं. तुमच्या मैत्रिणीला 'बायल्या' म्हणून चिडवण्यात तुम्हीही असाल, तर तो विषय तुम्ही स्वतः काढा. ती काढेल याची वाट बघू नका.

गेट-टुगेदरला आमची मैत्रीण सगळ्यात जास्त बोलली ते कागदपत्रांवर. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या 2019 च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळालं, राजपत्रात नाव बदललं, आधार-पॅनही झालं. अडकलं ते दहावीच्या गुणपत्रिकेवर. बोर्ड शाळेकडे पाठवणार, शाळा बोर्डाकडे. शेवटी वर्गातलाच एक जण, जो स्वतः शिक्षक आहे, तिच्याबरोबर शाळेत गेला आणि अर्जावर मुख्याध्यापकांची सही घेऊन आला. तुमच्या मैत्रिणीचंही असं काही अडलंय का, हे बिनधास्त विचारा. माझ्या मते ऑपरेशनच्या चौकशीपेक्षा हे लाखपटीने बरं.

आणि भेटून आल्यावर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच फोटो टाकू नका. कोणाला सांगायचं आणि कधी, ते तिला ठरवू द्या. जुना वर्गफोटो टाकून तिला टॅग करायचा मोह तर आवराच, बऱ्याच जणी ऑफिसात जुनं नाव कोणाला कळू देत नाहीत.