सस्पेन्स म्हणजे रहस्य का?

प्रश्न असा आलाय की सिनेदिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकवर मराठीत काहीही वाचायला घ्या, 'रहस्यपटांचा बादशहा' हे ठरलेलं, तर सस्पेन्सला रहस्य म्हणणं बरोबर आहे का, आणि नसेल तर मग म्हणायचं काय.

माझ्या मते बरोबर नाही, आणि पहिली हरकत खुद्द हिचकॉकनेच घेतली असती. 'खुनी कोण' छापाच्या गोष्टी त्याला फारशा आवडायच्याच नाहीत. १९६२ साली त्रुफाँ या फ्रेंच दिग्दर्शकाने त्याची लांबलचक मुलाखत घेतली, त्यात ते टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आहे. माणसं गप्पा मारतायत आणि एकदम बॉम्ब फुटला तर प्रेक्षक १५ सेकंद दचकणार, संपलं. पण एक वाजता फुटणार हे आधीच सांगून ठेवलं आणि भिंतीवर पाऊण वाजलेला दिसतोय, तर त्याच फालतू गप्पा १५ मिनिटं जीव मुठीत धरून ऐकणार.

म्हणजे बघा, रहस्य हे दडवायचं असतं आणि हिचकॉकचा सगळा कारभार आधीच सांगून टाकण्यावर. 'रोप'मध्ये (१९४८) सुरुवातीलाच खून दाखवतो, प्रेत पेटीत, त्याच पेटीवर जेवण मांडलंय आणि जेवायला मेलेल्या पोराचा बापच आलाय! 'व्हर्टिगो' (१९५८) ज्या फ्रेंच कादंबरीवरून घेतला तिच्यात भेद शेवटी उघडतो, याने तो बराच आधी फोडला. आणि 'सॅबोटाज'मधला (१९३६) तो पोरगा, फिल्मचे डबे घेऊन लंडनभर फिरतोय, सोबतच्या पुडक्यात पावणेदोनला फुटणारा बॉम्ब आहे हे आपल्याला माहीत, त्याला नाही, रस्त्यात एक टूथपेस्ट विकणारा त्याला धरून दात घासून दाखवतो, मग मिरवणुकीची गर्दी, मग बस सिग्नलला अडकते, आणि आपण मनात ओरडतोय अरे चल लवकर. शेवटी बॉम्ब फुटतोच. पोराला मारायला नको होतं असं हिचकॉक पुढे स्वतःच म्हणाला.

आता शब्द. 'थरार' पाठलाग-मारामारीकडे जातो, 'उत्कंठा' जवळची आहे पण तिच्यात भीती नाही, निकालाची पण असते आणि पाहुण्यांची पण. खरा नेमका शब्द आपल्याकडे पडलेलाच आहे, टांगणी. जीव टांगणीला लागणे. सस्पेन्सच्या लॅटिन मुळाचा अर्थही टांगणेच. साहेब सस्पेंड होतो तो त्याच मुळातून, आणि सरकारी मराठीत त्याला 'निलंबित' करतात त्यातही 'लंब्' म्हणजे लोंबणंच!

घोळ वाढलाय तो आपल्या बोलण्यामुळे. 'ए, सस्पेन्स फोडू नको' म्हणताना आपल्याला रहस्यच म्हणायचं असतं, तिथून ते मथळ्यात शिरलं. बोलण्यात चालू द्या, पण हिचकॉकबद्दल लिहिताना 'जीव टांगणीला लावणारा' लिहा, मथळ्यात मावत नसेल तर सरळ 'सस्पेन्सचा बादशहा', उगाच शुद्ध मराठीच्या नावाखाली अर्थ बदलू नका.

अपवाद 'सायको'चा (१९६०). तिथे मात्र त्याने खरोखर दडवलं, इतकं की सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा थिएटरवाल्यांना दंडकच होता. त्याला रहस्यपट म्हणा खुशाल.