तुमचे प्रश्न : कापडच नाही, मग सुई टोचायची कुठे?

प्रश्न : ताई, भरतकाम मला बऱ्यापैकी येतं, काजटाका तर गप्पा मारतामारता घालते. पण जुन्या युरोपियन नीडल लेसचे फोटो बघितले आणि डोकंच चालेना, त्यात कापडच नाहीये! मग टाका घालतात कशावर?

उत्तर : अगं काजटाका येतो म्हणतेस ना, मग अर्धं काम झालंय तुझं, कारण ही लेस म्हणजे बहुतेक सगळा काजटाकाच. आधी कापड असायचं. लिननमधले उभे-आडवे दोरे काढून टाकायचे, जे थोडे उरतील त्यांच्यावर काजटाके घालून चौकोनी खिडक्या करायच्या आणि खिडकीच्या आत नक्षी भरायची, याला रेटिचेला म्हणतात. मग खिडक्या मोठ्या होत गेल्या, कापड कमी कमी होत गेलं आणि १६व्या शतकात व्हेनिसकडच्या बायकांनी उरलेलं कापडही सोडून दिलं. त्या लेसचं नावच पुंतो इन आरिया, म्हणजे हवेतला टाका.

आता हवेत म्हटलं तरी खाली काहीतरी लागतंच. नक्षी काढलेलं चर्मपत्र (आपल्याला जाड कागद चालतो) आणि त्याखाली कापडाचे दोन पदर. नक्षीच्या रेषेवर दुहेरी दोरा ठेवायचा आणि बारीक दोऱ्याने जवळजवळ टाके घेत तो कागद आणि दोन्ही पदरांतून आरपार बसवायचा. हा रेषेवरचा दोरा म्हणजेच तुझं कापड, मधली जागा त्याला धरून काजटाक्याने ओळीवर ओळ भरत जायची. इथे सुई कागदात अजिबात घुसवायची नाही, नुसती दोऱ्याखालून काढायची, मी तर सुई उलटी धरून नेढ्याच्या बाजूने ओवते म्हणजे टोक कुठे अडकत नाही. सगळं भरून झालं की कापडाचे दोन पदर हलकेच एकमेकांपासून ओढायचे, मधे ताणलेले बारीक टाके दिसतात ते कापायचे, की लेस सुटून हातात येते.

दोन पदर कशाला, एक पुरे, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. मग सोडवताना कात्री लेसच्या बाजूने चालवावी लागली आणि एक काज कचकन कापलं गेलं. तीन संध्याकाळी बसून केलेलं पान. दोन पदर घे गं बाई.

प्रश्न : ही कला व्हेनिसची की फ्रान्सची? दोन्हीकडचे दावे वाचलेत.

उत्तर : आधी व्हेनिस. फ्रान्समधल्या श्रीमंतांचा पैसा लेसपायी तिकडे वाहत होता म्हणून १४व्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६५ मध्ये सरकारी आश्रयाने फ्रान्समध्येच लेसचे कारखाने सुरू केले, व्हेनिसहून कारागीर बायका आणवल्या आणि बाहेरच्या लेसवर बंदी घातली. सरळसरळ पळवापळवी म्हणा ना! पण पुढे अलाँसाँ गावच्या बायकांनी त्यात स्वतःचं इतकं काही घातलं की ती लेस वेगळीच झाली. २०१० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत तिचं नाव आलं, एका चौरस सेंटीमीटरला सात तास लागतात म्हणे, नखाएवढ्या तुकड्याला आख्खा दिवस!

प्रश्न : आजीच्या पेटीत एक लेस सापडली, हाताची आहे का कसं ओळखू?

उत्तर : भिंग घे आणि नक्षीचा भरीव भाग बघ. तिथे काजटाक्यांच्या ओळी एकमेकींत अडकलेल्या दिसल्या तर सुईची. कापडासारखी उभी-आडवी वीण किंवा वेणी दिसली तर बॉबिन लेस, म्हणजे छोट्या रिळांवरचे दोरे एकमेकांत गुंफून केलेली, ती पण हाताची असू शकते बरं का, लगेच नाराज होऊ नकोस. आणि कडा पिंजारलेल्या, धागे नुसतेच एकावर एक दाटून बसलेले, काज कुठेच नाही, असं असेल तर मशिनची. मशिनवर अशा कापडावर भरायचे जे नंतर विरघळवून टाकता येतं, म्हणून लांबून अगदी हुबेहूब वाटते. आणि काहीही निघालं तरी आधी धुवायला टाकू नकोस.