जुन्या शेगडीचा एक बर्नर पिवळा जळतो, भांडी काळी होतात. नवीच घ्यावी का?
लगेच भंगारात काढू नका. पिवळी ज्योत म्हणजे बहुधा गॅसला हवा कमी पडतेय. आधी रेग्युलेटर बंद करा. पितळी बर्नर गरम पाण्यात लिंबू-मीठ घालून अर्धा तास बुडवा, मग भोकं टाचणीने एकेक मोकळी करा. टूथपिक नको, आत मोडते. खरा घोळ बऱ्याचदा बर्नरखालच्या, गॅस-हवा मिसळणाऱ्या नळीत असतो: उतू गेलेलं दूध, कोळ्याचं जाळं. आमच्याकडे तर झुरळ निघालं! नळी बारीक ब्रशने साफ करा. जेटच्या (गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीच्या) भोकात मात्र तार खुपसू नका. ते रुंदावलं की ज्योत आणखी पिवळी. बर्नर पूर्ण वाळवूनच बसवा, रेग्युलेटर उघडून जोडांना साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले तर गळती आहे. रबरी नळी ५ वर्षांहून जुनी असेल तर तीही बदलून टाका.