टेबलावर खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग खेळांसाठी मोबाइल ॲप तयार करायचे असल्यास सुरुवात कुठून करावी?

आपला प्रश्न असा आहे: खानापूर तालुक्यातील आपल्या मित्रांचा गट टेबलाभोवती बसून डन्जन्स अँड ड्रॅगन्स या, पात्रे रंगवून मिळून कथा रचण्याच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो, गटात मराठी आणि कन्नड बोलणारे दोन्ही आहेत, आणि गेम मास्टरला, म्हणजे कथा सांगून राक्षसांची बाजू खेळणाऱ्याला, खेळ चालवताना उपयोगी पडेल असे ॲप आपल्याला लिहायचे आहे, तर त्यात काय असावे, ते कशात लिहावे आणि कायद्याची काही अडचण येईल का? मी बेळगावात मोबाइल ॲप लिहिण्याचेच काम करतो आणि सुटीच्या दिवशी टिळकवाडीत मित्रांसाठी असाच खेळ चालवतो. त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या विचारातला आहे.

माझे मत स्पष्ट आहे. ॲपने गेम मास्टरच्या वतीने लक्षात ठेवावे, पण त्याच्या वतीने ठरवू नये. आपल्याकडच्या टेनिस बॉल स्पर्धांमध्ये गुणलेखक प्रत्येक धाव नोंदवतो, परंतु कोण बाद झाला हे पंचच सांगतो. ॲपची जागा त्या गुणलेखकाची आहे. खेळाचा आनंद माणसांनी एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहून सांगितलेल्या कथेत असतो. म्हणून प्रत्येक सोय आखताना एकच गोष्ट विचारावी, की हिच्यामुळे गेम मास्टरची नजर पडद्यावर किती वेळ अडकेल. हा वेळ कमी करणारी सोय ठेवावी आणि वाढवणारी कितीही आकर्षक असली तरी सोडून द्यावी.

या कसोटीने पाहिले तर सुरुवात लढाईपासून करावी असे मला वाटते. गावात चौकशी करणे, राजदरबारात वाटाघाटी करणे, जंगलातून प्रवास करणे या प्रसंगांत गेम मास्टरला वहीतील चार ओळी पुरतात. लढाई सुरू झाली की मात्र त्याला एकाच वेळी पाळीचा क्रम, प्रत्येक राक्षसाचे उरलेले हिट पॉइंट (म्हणजे इजा सोसण्याची शिल्लक ताकद), कोण विषबाधित आहे, कोण जमिनीवर पडला आहे, कोणत्या जादूवर कोणाचे लक्ष एकवटलेले आहे आणि ती किती फेऱ्या टिकणार आहे, हे सगळे डोक्यात धरावे लागते, आणि तेवढ्यात एखादा खेळाडू दाराआड काय आहे असे विचारतो. पाळीचा क्रम, हिट पॉइंट आणि अवस्था (विषबाधा, जमिनीवर पडणे यांसारखे परिणाम) या तीन गोष्टी उत्तम सांभाळणारे ॲप लिहिले, तरी पहिली आवृत्ती पूर्ण झाली असे समजावे. नकाशे, संगीत, पात्रांची पूर्ण माहिती हे सारे देणाऱ्या रोल२०, फाउंड्री, डी अँड डी बियाँड यांसारख्या सेवा आहेतच. त्यांतील पहिल्या दोन मुख्यतः दूर बसलेल्या खेळाडूंना एकत्र आणण्यासाठी आहेत. आपला गट एकाच खोलीत बसतो, आणि ही आपली सर्वांत मोठी सोय आहे. नकाशा चौकटींच्या कागदावर पेन्सिलीने काढावा. तो मोबाइलच्या पडद्यापेक्षा मोठा असतो आणि सगळ्यांना एकदम दिसतो.

आता रचनेकडे येतो, कारण अशी ॲप बहुतेक वेळा इथेच कच्ची राहतात. हिट पॉइंट हा केवळ एक आकडा म्हणून साठवू नये. जे घडले ते क्रमाने नोंदवावे आणि आकडा त्या नोंदींवरून काढावा. याचे कारण असे, की टेबलावर घडलेल्या गोष्टी वारंवार मागे घेतल्या जातात. "थांबा, माझ्यावर आगीचा परिणाम निम्माच होतो," असे एखादा खेळाडू दोन पाळ्या उलटल्यावर सांगतो आणि गेम मास्टरला मधल्या नोंदी तशाच ठेवून फक्त ती एक जुनी नोंद बदलायची असते. समजा, एका पात्राचे कमाल हिट पॉइंट ३० आहेत आणि सध्या २७ आहेत. त्याला ८ पॉइंटचे उपचार मिळाले, म्हणजे ते कमाल मर्यादेमुळे ३० वर थांबले. हे उपचार चुकीच्या पात्राला दिले गेले असे लक्षात आल्यावर ॲपने सरळ ८ वजा केले, तर उत्तर २२ येईल आणि पात्राचे ५ पॉइंट विनाकारण जातील. घटनांची यादी असेल तर ती एक नोंद रद्द करून बाकीच्या पुन्हा लावल्या की २७ हे योग्य उत्तर आपोआप मिळते. एका लढाईत फार तर काही शे नोंदी होतात, त्यामुळे प्रत्येक वेळी सगळा हिशेब नव्याने करण्यास फोनला काहीच कष्ट पडत नाहीत. शिवाय हीच यादी पुढच्या बैठकीच्या आरंभी मागील प्रसंगाची उजळणी करण्यास कामाला येते.

अवस्थांचा कालावधी हा दुसरा नाजूक भाग आहे. नियमांनुसार एक फेरी, म्हणजे सर्वांची एकेक पाळी, सहा सेकंदांची असते, म्हणून एक मिनिट टिकणारी जादू दहा फेऱ्या चालते. इथपर्यंत सोपे आहे. परंतु अनेक परिणाम "तुझ्या पुढच्या पाळीच्या अखेरीपर्यंत" किंवा "जादू करणाऱ्याची पुढची पाळी सुरू होईपर्यंत" असे असतात. त्यांना फेरीचा क्रमांक जोडला, तर मधेच नवा राक्षस आला किंवा क्रम बदलला की हिशेब बिघडतो. म्हणून प्रत्येक अवस्थेसोबत तीन गोष्टी नोंदवाव्यात: ती कोणाच्या पाळीशी बांधलेली आहे, त्या पाळीच्या आरंभी संपते की अखेरीस, आणि अशा किती पाळ्या उरल्या आहेत. अवस्था संपण्याची वेळ आली की ॲपने आठवण करून द्यावी. ती परस्पर काढून टाकू नये, कारण शेवटचा शब्द गेम मास्टरचा असतो. एकाग्रतेच्या जादूचेही तसेच आहे. ती धरून असलेल्या पात्राला इजा झाली की जादू टिकवण्यासाठी फाशाने गाठायचा आकडा, म्हणजे १० किंवा इजेच्या निम्मे यांपैकी जो मोठा असेल तो, ॲपने दाखवावा आणि फासा खेळाडूच्या हाती सोडावा.

खेळाडूंच्या फोनवर काय दिसावे, हा प्रश्न आपल्या भागात नेटवर्कच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात वीज आणि मोबाइलचा सिग्नल दोन्ही केव्हा जातील याचा भरवसा नसतो, आणि खेळायला सर्वांत अधिक वेळ मिळतो तोही त्याच दिवसांत. तेव्हा इंटरनेट नाही असे धरूनच ॲप आखावे. सगळी माहिती फोनमधील एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवावी आणि प्रत्येक बदल त्याच क्षणी लिहून टाकावा, कारण मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागे ठेवलेले ॲप न विचारता बंद करते. खेळाडूंना जोडण्यासाठी गेम मास्टरच्या फोनचा हॉटस्पॉट पुरेसा आहे. त्यासाठी डेटा पॅक लागत नाही. त्याच फोनवर ॲपने एक लहानसा वेब सर्व्हर चालवावा आणि खेळाडूंनी क्यूआर कोड स्कॅन करून आपल्या ब्राउझरमध्ये पाळीचा क्रम पाहावा, म्हणजे प्रत्येकाला ॲप बसवावे लागत नाही आणि आयफोनवालाही वगळला जात नाही.

या मार्गात काही खाचखळगे आहेत, ते आधीच सांगून ठेवतो. इंटरनेट नसलेल्या वाय-फायवरून काही फोन मोबाइल डेटाकडे वळतात, म्हणून जोडलेले राहण्याची परवानगी खेळाडूने स्वतः द्यावी लागते. गेम मास्टरने दुसरे ॲप उघडले तरी सर्व्हर चालू राहावा यासाठी अँड्रॉइडमध्ये फोरग्राउंड सर्व्हिस लिहावी लागते. ब्राउझरमधून पडदा जागा ठेवण्याची सोय साध्या एचटीटीपी पत्त्यावर मिळत नाही, त्यामुळे खेळाडूंचे पडदे मधूनमधून मंद होणार हे गृहीत धरावे आणि फोन पुन्हा उघडताच ताजी स्थिती दिसेल अशी व्यवस्था करावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे राक्षसाचे हिट पॉइंट आणि दबा धरून बसलेल्या शत्रूचे नाव खेळाडूच्या फोनकडे पाठवूच नये. माहिती पाठवायची आणि पडद्यावर फक्त लपवायची, ही पद्धत ब्राउझरची थोडी माहिती असलेल्या कोणत्याही जिज्ञासू खेळाडूसमोर टिकत नाही.

आपला गट दोन भाषांचा आहे, म्हणून फोनांमध्ये वाक्ये न पाठवता सांकेतिक नोंदी पाठवाव्यात. गेम मास्टरने मराठीत निवडलेली अवस्था समोरच्याला कन्नडमध्ये दिसेल. कन्नडमधील ओत्तक्षरे ओळीच्या खाली उतरतात आणि मराठीतील मात्रा, रफार वर जातात, तेव्हा इंग्रजी अक्षरांच्या मापाने केलेली बटणे दोन्ही लिपींना तोकडी पडतात. ओळींमधील अंतर पहिल्या दिवसापासून मोकळे ठेवावे. शोधाच्या सोयीत आणखी एक अडचण आहे. "पायऱ्या" हा शब्द एका कळफलकावर ऱ या स्वतंत्र अक्षराने उमटतो, तर दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह यांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे वाटतात आणि युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. शोधासाठी शब्दाचे एक वेगळे, एकसारखे केलेले रूप साठवून ठेवणे हाच उपाय आहे. अंकांचेही भान ठेवावे: मराठी कळफलकावरून कोणी ७ लिहिले, तर जावा आणि कोटलिन या प्रोग्रामिंग भाषा तो अंक बिनतक्रार वाचतात, परंतु अँड्रॉइड व आयफोन दोन्हींसाठी ॲप लिहिण्याच्या फ्लटर या साधनातील डार्ट भाषेचे पूर्णांक वाचणारे फंक्शन तो नाकारते.

फाशांबद्दल थोडक्यात सांगतो. वीस बाजूंचा फासा आपल्या बाजारात सहसा दिसत नाही, तो मागवावा लागतो. तरीही खेळाडूंनी खरेच फासे टाकावेत आणि ॲपचे फासे गेम मास्टरच्या राक्षसांसाठी असावेत असे मला मनापासून वाटते. ते लिहिताना एक बाइट (० ते २५५ मधील यादृच्छिक संख्या) घेऊन त्याला २० ने भागून उरलेली बाकी वापरू नये. २५६ ला २० ने निःशेष भाग जात नाही, त्यामुळे सोळा बाजू २५६ पैकी १३ वेळा येतात आणि उरलेल्या चार बाजू १२ वेळाच. २४० किंवा त्याहून मोठी संख्या आली तर ती टाकून नवी घ्यावी, किंवा भाषेतील मर्यादेसह यादृच्छिक संख्या देणारे तयार फंक्शन वापरावे.

कशात लिहावे, याला मी फार महत्त्व देत नाही. आपल्याला जावा किंवा कोटलिन येत असेल तर अँड्रॉइडपुरते तेच घ्यावे, कारण खेळाडू ब्राउझरमधून येणारच आहेत. आयफोनवरही गेम मास्टरचे ॲप हवे असेल तर फ्लटर बरे पडते, मात्र वर सांगितलेली अंकांची काळजी तिथे घ्यावी लागेल.

कायद्याची भीती बाळगू नये, परंतु सीमा ओळखावी. खेळाची पद्धत ही कल्पना असते आणि प्रताधिकार कल्पनेला नसून ती मांडणाऱ्या शब्दांना व चित्रांना असतो. भारतात सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ साली हेच तत्त्व सांगितले. त्यापलीकडे, डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे प्रकाशक विझार्ड्स ऑफ द कोस्ट यांनी आपल्या जुन्या खुल्या परवान्यात बदल करू पाहिल्यावर खेळाडूंनी मोठा विरोध केला, आणि २७ जानेवारी २०२३ रोजी पाचव्या आवृत्तीचे सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१ (मूळ नियमांचा दस्तऐवज) हे क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशन ४.० परवान्याखाली खुले झाले. २०२५ साली ५.२ ही सुधारित प्रतही त्याच परवान्याखाली आली. या दस्तऐवजातील राक्षस, जादू आणि अवस्था आपण श्रेय देऊन वापरू शकता, भाषांतरित करू शकता, अगदी विकूही शकता. त्यात नसलेली सामग्री मात्र घेऊ नये. उदाहरणार्थ, बिहोल्डर आणि माइंड फ्लेयर या राक्षसांचे तपशील त्यात नाहीत. ॲपच्या नावात डन्जन्स अँड ड्रॅगन्स हे व्यापारचिन्हही नको; पाचव्या आवृत्तीशी सुसंगत असे लिहिण्याची मुभा आहे. भीमगडाच्या जंगलात किंवा राजहंसगडाच्या तटावर घडणारा प्रसंग आणि तिथले राक्षस आपण स्वतः लिहिलेत, तर परवान्याचा प्रश्नच उरत नाही आणि आपल्या खेळाडूंना ती जागा डोळ्यांसमोर आणायला वेळही लागत नाही.

खाते उघडण्याची सक्ती करू नये. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, आणि या खेळात शाळकरी मुले हौसेने येतात. माहिती गोळाच केली नाही तर ती सांभाळण्याची जबाबदारीही येत नाही.

गूगल प्लेवर खाते उघडण्यासाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, तर ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. गूगलवर नव्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी किमान १२ परीक्षकांकडून सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी करून घ्यावी लागते. एका गटात इतकी माणसे नसतात, म्हणून बेळगाव, निपाणी, चिकोडीकडील महाविद्यालयांत जे कोणी हा खेळ खेळतात त्यांच्याशी आतापासूनच ओळख वाढवावी, आणि शक्य असेल तर एखाद्या परक्या गेम मास्टरच्या शेजारी पूर्ण बैठकभर गप्प बसून तो कोणत्या क्षणी फोन खाली ठेवून पुन्हा वहीकडे वळतो, एवढेच लिहून घ्यावे. दुसऱ्या आवृत्तीत काय करायचे ते त्या नोंदींवरून ठरवावे.