पॉड गळतोय? आधी ओढायची सवय बघ

अरे, ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायचे व्हेप (ई-सिगारेट) विकायला बंदी आली, तेव्हापासून तुझ्यासारखे बरेच जण पुन्हा भरायच्या पॉडकडे (व्हेपची लिक्विडची छोटी टाकी) वळलेत आणि सगळ्यांचं रडगाणं एकच: गळतोय. नवा पॉड लगेच फेकू नकोस.

बहुतेक वेळा दोष ओढण्यात असतो. सिगारेटसारखा जोर लावलास की कॉइलमध्ये (लिक्विड तापवणारी तार, सोबत कापूस) गरजेपेक्षा जास्त लिक्विड खेचलं जातं, मग गुळगुळ आवाज येतो नि थेंब तोंडात. हळू ओढ. आवाज आलाच तर पॉड काढून, टिश्यूत धरून दोन-तीनदा झटक आणि खालचे बॅटरीला टेकणारे धातूचे ठिपके पुसून घे. भरताना मधल्या हवेच्या नळीत थेंब जाऊ देऊ नकोस, वर थोडी जागा सोड. कॉइल नवी असेल तर भरल्यावर दहा मिनिटं थांब, नाहीतर कापूस कोरडाच जळतो. ती चव दिवसभर जात नाही, स्वानुभव!

कॉइल चोंदण्याचं कारण वेगळं. छोट्या पॉडला व्हीजी (घट्ट व्हेजिटेबल ग्लिसरीन) आणि पीजी (पातळ प्रॉपिलीन ग्लायकॉल) निम्मं-निम्मं असलेलं पातळ लिक्विड लागतं. सत्तर टक्के व्हीजीवालं काकवीसारखं घट्ट, कापसात मुरतच नाही. गोड फ्लेवरमधला गोडवा जळून कॉइलवर काळी पुटं धरतात. तिथे धुणंबिणं नको, कॉइल बदल.

हाताला लिक्विड लागलं तर लगेच धू, निकोटिन त्वचेतून आत जातं. आणि दिवाळीला घरी येताना हे सगळं तिकडेच ठेव. भारतात २०१९ पासून आयातीलाही बंदी आहे.