तुमचे प्रश्न : सगळे रांगेत उभे, मागे समुद्र

प्रश्न : ताई नमस्कार, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे गणपतीपुळ्याला गेलो होतो, सासू-सासरे, दीर-जाऊ, पोरं. फोन भरून फोटो काढले पण घरी येऊन बघितलं तर सगळे एकसारखेच, रांगेत उभे आणि मागे समुद्र, त्यात संध्याकाळचे चेहरे काळेकुट्ट. परत बघावेसे वाटतील असे फोटो कसे काढायचे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी काळ्या चेहऱ्यांचं बघू, ते सोपंय. कोकणात समुद्र पश्चिमेला, म्हणजे संध्याकाळी मंडळी समुद्राकडे पाठ करून उभी राहिली की सूर्य बरोब्बर त्यांच्या मागे येतो आणि फोन बिचारा आकाश सांभाळायच्या नादात माणसं काळी करतो. तर उलटं करा, पाण्याकडे पाठ तुम्ही करा आणि मंडळींना समुद्राकडे बघू द्या. पुळ्याचं देऊळसुद्धा पश्चिमेलाच तोंड करून आहे, त्यामुळे मावळतीचं ऊन समोरून देवळावरही पडतं आणि चेहऱ्यांवरही. इतकं आयतं मिळत असताना अख्खा किनारा फोन घेऊन सूर्याकडे वळलेला असतो! मागे समुद्रच हवा असेल तर सकाळी जरा ऊन वर आल्यावर जा, तेव्हा उजेड डोंगराच्या बाजूने येतो. भर दुपारी मात्र नकोच, डोळ्यांखाली सावल्या पडून सगळे आजारी दिसतात, त्यापेक्षा झाडाखाली सावलीत बसवा.

आता रांगेचं. रांगेतला एक फोटो काढाच, सासऱ्यांना तो भिंतीवर लावायला लागणारच आहे. पण काढून झाला की "झालं, मोकळे" म्हणा आणि फोन लगेच खिशात टाकू नका. रांग मोडते ना, तेव्हा खरी गंमत असते, कोणी दाबून धरलेलं हसू सोडतं, पोरं पाण्याकडे पळतात, सासूबाई साडी घोट्याच्या वर धरून लाटेत पाऊल टाकतात आणि गार पाणी लागल्यावर एकदम जाऊबाईंचा दंड पकडतात. तो पकडलेला दंड मला हवाय फोटोत, समुद्र जरासा दिसला तरी पुरे. आणि त्यासाठी जवळ जा. देवळामागच्या डोंगराला प्रदक्षिणेची वाट आहे, साधारण किलोमीटरभर, तिथे चालताना कोणी पोज देत नाही, तुम्ही थोडं पुढे जाऊन मागे वळा. देवळात मात्र फोन खिशातच राहू दे.

आणि फोटो पुळ्याला पोचल्यावरच सुरू करायचे असं कोणी सांगितलं? सांगलीहून निघालात म्हणजे बहुतेक आंबा घाटातून गेला असाल, तिथे गाडी लागलेलं पोर लिंबू हुंगत बसलंय, टपरीवर दीर कपबशीतला चहा फुंकतायत, ह्यातलं काहीच काढलं नसणार. ट्रिपच्या गप्पा निघतात तेव्हा लिंबूच आठवतं हो!

प्रश्न : आमचं फिरणं फार होत नाही. घरात रोजचंच सगळं, त्यात आजी कॅमेरा दिसला की शाळेतल्यासारख्या ताठ बसतात. घरात काय काढणार?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आजींना हाताला काम द्या, म्हणजे असतंच त्यांच्याकडे! मेथी निवडायला बसल्या की खिडकीजवळ बसवा, खिडकी बाजूला येऊ दे, ट्यूबलाईट बंद करा आणि तुम्हीही खाली जमिनीवर बसा, उभ्याने काढलात तर नुसती टाळू दिसेल. गप्पा चालू ठेवा. थोड्या वेळाने त्या तुम्हाला विसरतात आणि देठं खुडणारी बोटं, घसरलेला चष्मा, मांडीवरचा पेपर असं सगळं मिळतं. नंतर दाखवा मात्र, नको म्हणाल्या तर डिलीट, त्यात वाद नाही.

आणि रोजचंच काय ते, असं म्हणू नका बरं. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२), आपल्या देशातल्या पहिल्या महिला फोटो-जर्नलिस्ट, पुढे दिल्लीत नेहरूंपासून सगळ्यांचे फोटो काढले, २०११ साली पद्मविभूषण मिळालं. त्यांचे सुरुवातीला छापून आलेले फोटो कसले होते माहितीये? मुंबईतल्या बायकांच्या एका क्लबच्या पिकनिकचे!

प्रश्न : चांगला कॅमेरा घ्यावा का फोन चालेल?
– एक वाचक, पुणे

उत्तर : चालेल की. आधी लेन्स पुसा, खिशातला घाम नि तेल लागून सगळं धुरकट येतं आणि आपण फोनला शिव्या घालतो. बोटांनी खूप झूम करू नका, चार पावलं पुढे जा. पळणाऱ्या पोरांसाठी बर्स्ट वापरा, पटापट फोटो निघतात, एक ठेवा नि बाकीचे त्याच रात्री उडवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवलेले फोटो बारीक होतात, प्रिंट काढायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.