आयरिश व्हिसल घ्यायचीय? मग एवढंच बघ

भावा, पहिली व्हिसल (उभी धरून वाजवायची, सहा भोकांची छोटी बासरीच ती) डी पट्टीचीच घे, म्हणजे आपली पेटीची पांढरी दोन. आयरिश धुना बहुतेक तिच्यावरच बसतात. आडवी फ्लूट नंतर बघू. तिथं फुंकीचा कोन सापडेपर्यंतच जीव जातो.

सुरुवातीला लोक इथं चुकतात:

- भोकं बोटाच्या टोकानं दाबतात. पेराचा मऊ भाग ठेव, हलकाच. किंचित फट राहिली की सूर किंचाळतो.
- खालच्या सप्तकात जोर लावतात. तिथं फुंक अगदी हळू, वरच्या सप्तकालाच वाढवायची.
- पहिल्याच आठवड्यात रील, म्हणजे आयरिश नाचाची जलद धून, वाजवायला घेतात. लय नंतर. आधी एकेक सूर लांब धर.

आता आपल्या गाण्यांचं. सहाही भोकं बंद करून जो सूर येतो त्याला सा धरलास, तर बिलावलचे सगळे शुद्ध स्वर मिळतात. पण बासरीसारखी वरची तीन बंद करून सा धर, म्हणजे पांढरी पाच. सगळी उघडी ठेवलीस की तीव्र मध्यम येतो आणि यमन सरळ बोटांत बसतो! शुद्ध मध्यमासाठी सगळ्यात वरचं भोक उघडं, त्याच्या लगेच खालची दोन बंद, बाकी उघडी. ते सावकाश. पहिला महिनाभर भूपच घोट, त्यात मध्यम-निषादाची भानगडच नाही.

मींडेच्या, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या, मागं आत्ता लागू नकोस. कोल्हापूरच्या देवल क्लबात मैफल असली की जाऊन ऐकत जा.

आणि मध्येच आवाज घोगरा झाला तर व्हिसल बिघडली नाही, वाफेचं पाणी साठलंय. खिडकीवर, म्हणजे तोंडाजवळच्या चौकोनी फटीवर, बोट ठेवून एक जोरात फुंक मार.